कोणती बातमी कोणाच्या तोंडी : हनोईवरची नाताळातली बॉम्बफेक आणि पॅरिसचा करार

३० डिसेंबर १९७२, शनिवार. व्हाइट हाऊसमध्ये जमलेल्या पत्रकारांसमोर उपप्रवक्ते जेरल्ड वॉरन आले आणि दोन गोष्टी सांगून गेले. व्हिएतनाम युद्ध संपवण्यासाठीची पॅरिसमधली बोलणी ८ जानेवारीला पुन्हा सुरू होतील. आणि वाटाघाटी गांभीर्याने चालू आहेत तोवर उत्तर व्हिएतनाममध्ये विसाव्या अक्षवृत्ताच्या वर बॉम्बफेक होणार नाही. उत्तरेची राजधानी हनोई आणि हायफाँग बंदर यांच्यावर अमेरिकेच्या बी-५२ विमानांनी अकरा दिवस जे चालवलं होतं ते थांबल्याची बातमी जगाला मिळाली ती अशी, एका उपप्रवक्त्याकडून. अध्यक्ष रिचर्ड निक्सन पडद्यावर दिसले नाहीत. मोहीम सुरू झाली तेव्हाही दिसले नव्हते.

साडेतीन आठवड्यांनी, २३ जानेवारी १९७३ च्या रात्री, हेच निक्सन दूरचित्रवाणीवर आले आणि 'सन्मानाची शांतता' मिळाल्याचं त्यांनी स्वतःच्या तोंडाने देशाला सांगितलं.

या तीन महिन्यांवर लष्करी आणि राजनैतिक अंगाने भरपूर लिहिलं गेलं आहे. इथे मी एकच साधी नोंद धरून चालणार आहे : प्रत्येक टप्प्यावर बोललं कोण, आणि त्या वेळी कोण गप्प बसलं. 'शांतता जवळ आली' हे निक्सन यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर यांनी सांगितलं. 'बोलणी फिसकटली' हेही त्यांनीच. बॉम्बफेक सुरू झाल्याचं प्रवक्त्याने सांगितलं, थांबल्याचं उपप्रवक्त्याने. करार झाल्याचं सांगायला मात्र अध्यक्ष आले. एवढ्यावरून 'श्रेय आपलं, खापर दुसऱ्याचं' असा निष्कर्ष काढून मोकळं होता येईल. तो चूक नाही, पण फार लवकर काढलेला आहे.

ऑक्टोबर : वेळेआधी सुटलेलं वाक्य

८ ऑक्टोबर १९७२ रोजी पॅरिसमध्ये हनोईच्या वतीने वाटाघाटी करणारे ले डुक थो यांनी हेन्री किसिंजर यांच्यासमोर कराराचा नवा मसुदा ठेवला. दक्षिणेतलं न्गुयेन व्हान थिऊ यांचं सरकार आधी गेलं पाहिजे ही वर्षानुवर्षांची अट त्यात सोडलेली होती. अमेरिकेनेही, दक्षिणेत शिरलेलं उत्तरेचं सैन्य माघारी जावं हा आपला आग्रह सोडला. काही दिवसांत मसुदा जवळजवळ पक्का झाला आणि महिनाअखेर सह्या करण्याची भाषा सुरू झाली.

ज्यांच्या देशाविषयी हे सगळं चाललं होतं त्या थिऊ यांच्या हाती मसुदा पडला तो ऐनवेळी, किसिंजर दक्षिणेच्या राजधानीत, सायगावला पोचल्यावर, आणि तोही इंग्रजीत. परक्या सैन्याला आपल्या भूमीवर ठेवून जाणाऱ्या करारावर सही करायला त्यांनी साफ नकार दिला. पुढच्या सगळ्या रामायणाचं मूळ या नकारात आहे, आणि तो नकार कोणालाही अनपेक्षित वाटायला नको होता.

अमेरिका टाळाटाळ करते आहे असं दिसताच हनोईने आपलं शस्त्र काढलं. २६ ऑक्टोबरला हनोई रेडिओने मसुद्यातली कलमं आणि ठरलेल्या तारखा जगजाहीर करून टाकल्या. अमेरिकेत मतदानाला बारा दिवस उरले होते. बंद दाराआडची बोलणी उघड करणं हाही दबावाचाच प्रकार. बॉम्ब नसलेल्या पक्षाकडे तो असतो.

त्याच दिवशी किसिंजर पत्रकारांसमोर आले. तोवर त्यांच्या पत्रकार परिषदा आवाजासकट दाखवू दिल्या जात नसत. त्यांच्या जर्मन धाटणीच्या इंग्रजीची व्हाइट हाऊसमधल्या मंडळींना धास्ती होती. त्या दिवशी देशाने तो घोगरा आवाज ऐकला आणि त्यातलं एक वाक्य कायमचं लक्षात ठेवलं : शांतता हाकेच्या अंतरावर आहे, असं आम्हाला वाटतं. उरलेले मुद्दे तीन-चार दिवसांच्या आणखी एका बैठकीत मिटतील, असंही ते म्हणाले.

हे वाक्य कोणासाठी होतं? पुढे आठवणी लिहिताना किसिंजर यांनी त्याचा खुलासा केला आहे. हनोईला सांगायचं होतं की आम्ही शब्द फिरवलेला नाही, थोडा धीर धरा. सायगावला सांगायचं होतं की तुमच्या नकाराने ही गाडी थांबणार नाही. दोन परक्या राजधान्यांसाठी तोलूनमापून केलेलं विधान होतं ते. पण ऐकलं सर्वांत मोठ्याने तिसऱ्याने, म्हणजे अमेरिकी मतदाराने, आणि त्याच्या कानात शेवटचं 'असं आम्हाला वाटतं' शिरलंच नाही. वृत्तपत्रांच्या मथळ्यात मावले ते चारच शब्द.

निक्सन या वाक्यावर खूश नव्हते. आपली सौदा करण्याची ताकद यामुळे घटणार हे त्यांना लगेच कळलं, असं त्यांनी आठवणींत लिहिलं आहे. ते मला पटतं. ज्याने शांतता जवळ आल्याचं घरी सांगून ठेवलं आहे त्याला रिकाम्या हाताने परतणं अवघड, हे समोरच्यालाही दिसत असतं. तरी निवडणुकीपुरता त्या वाक्याचा त्रास झाला नाही. ७ नोव्हेंबरला पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यं निक्सन यांनी जिंकली. वाक्याची उधारी पुढे फेडायची होती.

तेरा ते अठरा डिसेंबर

२० नोव्हेंबरला बोलणी पुन्हा सुरू झाली तेव्हा किसिंजर यांनी थिऊ यांच्या वतीने ६९ बदलांची यादी समोर ठेवली. हनोईनेही मग आधी दिलेलं थोडंथोडं परत घ्यायला सुरुवात केली. कधी एक पाऊल पुढे, कधी दोन मागे, असं करत १३ डिसेंबरला सगळं थांबलं. लगेच निक्सन यांनी हवाई मोहिमेचा निर्णय घेतला. आता शांतता हाकेच्या अंतरावर असल्याचं सांगून जेमतेम सात आठवडे झालेल्या देशाला बी-५२ का उडवायची हे समजावून सांगायचं होतं.

किसिंजर यांचा सल्ला स्पष्ट होता. पॅरिसहून ते डिसेंबरच्या सुरुवातीपासूनच कळवत होते की बोलणी मोडली तर अध्यक्षांनी स्वतः दूरचित्रवाणीवरून देशाला सांगावं. निक्सन यांना ते मान्य नव्हतं. एरवी हा माणूस पडद्याला बिचकणारा नव्हे. एप्रिल १९७० मध्ये कंबोडियात सैन्य घुसवताना ते नकाशा घेऊन कॅमेऱ्यापुढे बसले होते. मे १९७२ मध्ये हायफाँग बंदरात सुरुंग पेरल्याचंही त्यांनीच सांगितलं होतं. या खेपेला मात्र ते हटून बसले.

१६ डिसेंबरला पुन्हा किसिंजरच आले. करार ९९ टक्के झाला आहे, अडथळा हनोईचा आहे, असा त्यांचा सूर होता. या वेळी त्यांच्या बोलण्यात 'अध्यक्षांचं म्हणणं', 'अध्यक्षांची भूमिका' असे उल्लेख वारंवार येत होते. ऑक्टोबरात ते फारसे नव्हते. होऊ घातलेल्या बॉम्बफेकीबद्दल एक अक्षर नाही. सोमवारी, १८ डिसेंबरला, पहिल्या रात्रीच १२९ बी-५२ विमानं निघाली. प्रवक्ते रॉन झिगलर यांनी मोघम कारण दिलं : वाटाघाटींच्या आडून दक्षिणेत नव्या चढाईची तयारी होऊ दिली जाणार नाही. लक्ष्यं कोणती, किती दिवस, कशासाठी, यावर पेंटॅगॉनचं तोंड बंद.

निक्सन का बोलले नाहीत, याची नंतर मांडली गेलेली बाजू अशी : जाहीर इशारा दिला असता तर हनोईला इभ्रतीपायी परत येणं अशक्य झालं असतं. न बोलता हाणलं की त्यांनाही न बोलता परतता येतं. हा युक्तिवाद पोकळ नाही. बॉम्ब पडत असताना दोन्ही बाजूंचे गुप्त निरोप चालूच होते. अमेरिकेने नव्या बैठकीची तारीख सुचवली. २६ डिसेंबरला हनोईने ८ जानेवारी ही तारीख कळवली, आणि उशिराचं कारण म्हणून ले डुक थो यांच्या प्रकृतीचा दाखला दिला. जाहीर धमकी असती तर 'प्रकृतीचं कारण' पुढे करायला जागा उरली नसती.

दुसरं कारण कमी उदात्त. सांगण्यासारखं काही नव्हतंच. बोलणी अडली ती दोघांच्या बदलांमुळे, आणि त्यांतले पहिले बदल अमेरिकेच्या मित्राचे होते. अध्यक्ष कॅमेऱ्यापुढे बसले असते तर पहिलाच प्रश्न आला असता : ऑक्टोबरात जे मान्य होतं ते आता का नाही? त्याचं खरं उत्तर 'थिऊ' असं होतं, आणि ते देता येत नव्हतं.

रिकामी जागा कोणी भरली

मौन हनोईसाठी होतं, पण ते अमेरिकेतही ऐकू आलं. वॉशिंग्टनकडून कारण नाही, लक्ष्यांची यादी नाही, पूर्णविराम कधी तेही नाही. पडलेल्या विमानांची बातमी मात्र दडवता येत नव्हती, कारण सैनिकांच्या घरी कळवावंच लागे आणि हनोई पकडलेले वैमानिक पत्रकारांसमोर उभे करत होतं. परिणाम असा की सरकारकडून रोज येणारी ठोस बातमी एकच : आज आपली किती विमानं पडली. तिसऱ्या रात्री एकदम सहा बी-५२ गेली. बातमीदारीतला हा साधा नियम आहे, तुम्ही एकच आकडा दिलात तर गोष्ट त्याच आकड्याची होते.

खाली काय होतंय ते सांगायला हनोईत माणसं होती. फ्रान्सच्या एएफपी वृत्तसंस्थेचा बातमीदार तिथे होता. गायिका जोन बाएझ आणि न्यूरेंबर्ग खटल्यातले माजी अभियोक्ता टेलफर्ड टेलर एका लहानशा अमेरिकी गटाबरोबर मोहिमेच्या दोनच दिवस आधी पोचले होते. बाएझ यांनी तळघरातून सायरन, स्फोट आणि माणसांचे आवाज ध्वनिमुद्रित करून आणले. युद्धगुन्हेगारांवर खटले चालवलेला माणूस हनोईच्या रस्त्यांवरून फिरून जे लिहितो त्याचं वजन वेगळंच असतं. व्हाइट हाऊसकडे त्याच्या तोडीचा साक्षीदार नव्हता.

२२ डिसेंबरला बाख माय रुग्णालयावर बॉम्ब पडले. तिथल्या अठ्ठावीस कर्मचाऱ्यांचा मृत्यू झाला. जवळच हवाई धावपट्टी होती आणि बॉम्ब भरकटले, हे स्पष्टीकरण लष्करीदृष्ट्या संभवनीय आहे. पण पेंटॅगॉनने आधी हात झटकले आणि जानेवारी उजाडल्यावर 'मर्यादित, अपघाती' नुकसान कबूल केलं. तोवर ढिगाऱ्याची छायाचित्रं जगभर पोचली होती. चूक पहिल्याच दिवशी सांगितली असती तर ती चूक राहिली असती. दहा दिवसांनी सांगितल्यावर ती लपवाछपवी ठरली, आणि त्यानंतर खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवेना.

दुसऱ्या दिवशी स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांनी हनोईचं नाव गर्निका, लिडित्से, शार्पव्हिल, ट्रेब्लिंका या हत्याकांडांच्या पंक्तीत नेऊन बसवलं. निक्सन इतके संतापले की स्वीडनने नवा राजदूत पाठवूच नये असं कळवण्यात आलं. घरी सिनेटमधले नेते माइक मॅन्सफील्ड यांनी याला अश्मयुगीन डावपेच म्हटलं. न्यूयॉर्क टाइम्सचे स्तंभलेखक जेम्स रेस्टन यांना हे आदळआपटीचं युद्ध वाटलं. ज्याने कारण सांगितलं नाही त्याला लोकांनी आपापल्या मनातलं कारण चिकटवलं : राग, सूड, माथेफिरूपणा. निक्सन यांना आपण बेभरवशाचे वाटावं असं हनोईपुरतं हवंच होतं. तो परिणाम ओहायोतल्या मतदारावरही झाला, ही त्याची किंमत.

इथे खाम थिएन रस्त्याकडे थोडं थांबून पाहायला हवं. हनोई रेल्वेस्थानकाजवळचा हा दाट वस्तीचा रस्ता. शहरातून बरेच लोक आधीच बाहेर हलवलेले होते, पण नाताळला विमानं आली नाहीत तेव्हा काही जण परतले. २६ तारखेच्या रात्री मोहिमेतल्या सर्वांत मोठ्या हल्ल्यांपैकी एक झाला, १२० बी-५२ विमानांचा. या एका रस्त्यावर पावणेतीनशेहून जास्त माणसं गेली. जिथे घरं होती तिथे आज स्मारक आहे. मेलेलं मूल हातांवर घेतलेल्या एका बाईचा पुतळा. तारीख पाहा. हनोईने पुन्हा बोलणी करायला तयार असल्याचा निरोप पाठवला तो याच दिवशी. दोन्ही सरकारांना ठाऊक असलेली ही गोष्ट त्या रस्त्यावरच्या कोणालाच ठाऊक नव्हती, आणि वॉशिंग्टननेही ती आणखी चार दिवस गुलदस्त्यातच ठेवली.

हनोईने दिलेला एकूण मृतांचा आकडा हनोई आणि हायफाँग मिळून १,६२४ नागरिकांचा. तो पाश्चात्त्य वृत्तपत्रांतल्या वर्णनांच्या मानाने लहान होता, आणि पुढे मोहिमेच्या समर्थकांनी तोच आकडा पुढे करून 'बघा, शहरं बेचिराख केली नव्हती' असं म्हटलं. म्हणजे शत्रूने दिलेला आकडा आपल्या बचावाला. तो आधीच, आपल्या तोंडाने, लक्ष्यांच्या नकाशासकट मांडला असता तर चित्र थोडं वेगळं दिसलं असतं. पण मेलेल्या माणसांची संख्या कमी म्हणून मांडायची तर आधी ती मान्य करावी लागते.

हनोईची बाजूही संदेशाच्या हिशेबाने बघण्यासारखी आहे. अमेरिकेने पंधरा बी-५२ गमावल्याचं सांगितलं, हनोईने चौतीस पाडल्याचं. या लढाईला त्यांनी 'आकाशातलं दिएन बिएन फू' असं नाव दिलं, १९५४ च्या फ्रेंचांवरच्या विजयाची आठवण करून देणारं. मार खाऊन बोलणीला परतणाऱ्या सरकारला विजयाची भाषा हवीच होती, आणि नाव त्यांनी असं निवडलं की प्रत्येक व्हिएतनामीला अर्थ सांगावा लागू नये. एका बी-५२ चे अवशेष हनोईतल्या एका लहानशा तळ्यात अजून तसेच ठेवलेले आहेत, सभोवती घरं.

आतला सूर, बाहेरचा सूर

वरिष्ठ गप्प असले की हाताखालचे कुजबुजतात. डिसेंबरच्या अखेरीस रेस्टन यांनी लिहिलं की किसिंजर यांचा या बॉम्बफेकीला विरोध असावा. ते खरं नव्हतं. तपशिलात मतभेद असतील, पण निर्णयात ते होते. किसिंजर यांनी हा समज खोडला मात्र नाही. आठवणींत त्यांनी स्वतःच लिहिलं आहे की या वागण्याचा आपल्याला अभिमान नाही. त्याआधी इटालियन पत्रकार ओरियाना फलाची यांना दिलेल्या मुलाखतीत ते स्वतःला घोड्यावरून एकटाच पुढे जाणारा काउबॉय म्हणून बसले होते, आणि निक्सन त्यावरूनही धुमसत होते. आता किसिंजर कोणत्या पत्रकाराशी बोलतात यावर व्हाइट हाऊसमध्ये लक्ष ठेवलं जाऊ लागलं. टाइम साप्ताहिकाने नववर्षाच्या अंकात दोघांना मिळून 'वर्षातली माणसं' ठरवलं होतं. हा मान वाटून घेण्यात दोघांपैकी कोणालाही फारसा आनंद नव्हता.

खापर फोडून घेणारा दूत नेमायचा आणि त्याने निमूट सोसायचं, ही व्यवस्था दूत स्वतः प्रसिद्ध नसेल तोवरच चालते.

जानेवारी

२ जानेवारीला प्रतिनिधिगृहातल्या डेमोक्रॅटिक सदस्यांनी आपल्या बैठकीत १५४ विरुद्ध ७५ मतांनी युद्धाचा पैसा तोडण्याचा ठराव केला. दोन दिवसांनी सिनेटमधल्यांनी ३६ विरुद्ध १२. घड्याळ आता दोन्हीकडे टिकटिकत होतं, आणि पॅरिसमध्ये ते हनोईलाही ऐकू येत होतं. ९ जानेवारीला मुख्य मुद्दे मिटले. १५ ला उत्तर व्हिएतनामवरचे सगळे हल्ले थांबवल्याचं जाहीर झालं, पुन्हा झिगलर यांच्या तोंडून. २३ ला मसुद्यावर आद्याक्षरं पडली आणि त्याच रात्री निक्सन पडद्यावर आले. २७ ला पॅरिसमध्ये औपचारिक सह्या झाल्या. पन्नाशीच्या आसपास घसरलेली निक्सन यांची लोकमान्यता महिनाअखेर दोन-तृतीयांशांपर्यंत चढली.

'बॉम्बफेकीने हनोईला वठणीवर आणलं' ही गोष्ट तिथून रुळली. पण ऑक्टोबरचा आणि जानेवारीचा मसुदा शेजारी ठेवला तर ती गोष्ट लंगडते. उत्तरेचं सैन्य दक्षिणेतच राहिलं. थिऊ यांच्या ६९ बदलांपैकी हाती लागलं ते किरकोळ. किसिंजर यांचे साहाय्यक जॉन नेग्रोपाँटे तेव्हा खवचटपणे म्हणाले होते की, आपण उत्तर व्हिएतनामींवर बॉम्ब टाकून त्यांना आपल्याच सवलती मान्य करायला लावल्या. बोलणी थांबली होती आणि बॉम्बफेकीनंतर हनोई परत आलं, एवढं बॉम्बच्या खात्यावर टाकता येतं. त्याहून जास्त नाही.

मग बॉम्ब नेमके कोणासाठी होते? इथे चौथा श्रोता येतो, ज्याचा जाहीर निवेदनात उल्लेखच नव्हता. १४ नोव्हेंबरला निक्सन यांनी थिऊ यांना खासगी पत्र पाठवून कळवलं होतं की हनोईने करार मोडला तर अमेरिका तातडीने आणि जबर प्रत्युत्तर देईल. ५ जानेवारीच्या पत्रात शब्द आणखी स्पष्ट झाले : पूर्ण ताकदीनिशी. नाताळातली विमानं हा त्या पत्रांचा जणू नमुना होता. बघा, आम्ही खरंच करतो. थिऊ सहीला राजी झाले ते थोडे यामुळे, थोडे मदत तोडण्याच्या धमकीमुळे.

पण हे वचन अमेरिकी संसदेला आणि जनतेला सांगितलेलं नव्हतं. सांगितलं असतं तर 'सन्मानाची शांतता' या शब्दांत 'गरज पडल्यास पुन्हा युद्ध' हेही आहे, हे कळलं असतं. डिसेंबरात दिलेली नसलेली कारणं आणि जानेवारीत न दाखवलेली पत्रं यांचा परिणाम सारखाच झाला. पुढे वेळ आली तेव्हा त्या वचनामागे उभं राहायला देशात कोणी नव्हतं, कारण ते आपलं वचन आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. १९७३ च्या उन्हाळ्यात संसदेने हिंदी-चीनमधल्या (व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया) अमेरिकी बॉम्बफेकीचा पैसा कायद्याने बंद केला. वर्षभरात निक्सनही गेले.

पत्रं उघड झाली ती थिऊ यांच्या एका माजी मंत्र्याने वॉशिंग्टनमध्ये पत्रकारांसमोर ती मांडली तेव्हा. तारीख होती ३० एप्रिल १९७५. त्याच दिवशी उत्तरेचे रणगाडे सायगावच्या अध्यक्षीय प्रासादाचं फाटक मोडून आत शिरले होते.